एअरलाइनची पायलट भरती: लेखी परीक्षेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायसन्स हातात आलं, लॉगबुक भरलं, आणि आता एअरलाइनकडून लेखी परीक्षेची तारीख आली. इथून पुढे जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. क्रम विषयवार नाही. जे सगळ्यात जास्त विचारलं जातं ते आधी घेतलंय, आणि जिथे मुलांचं गाडं हमखास अडतं तिथे जास्त वेळ थांबलोय.

लायसन्सच्या सगळ्या परीक्षा पास झालोय. पुन्हा लेखी कशाला?

दोन्ही परीक्षांचे हेतू वेगळे आहेत. लायसन्सची परीक्षा बघते की किमान ज्ञान आहे का. भरतीची परीक्षा बघते की हा माणूस टाइप रेटिंगच्या (ठरावीक प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाच्या) वर्गात तग धरेल का. तिथे जेट विमानाच्या सगळ्या सिस्टिम्स थोड्या आठवड्यांत अंगावर येतात आणि पाठोपाठ सिम्युलेटर सुरू होतं. पाया कच्चा असलेला उमेदवार तिथे मागे पडतो आणि जादा सत्रं मागतो. सिम्युलेटरचा तास महाग असतो, त्यामुळे ही जोखीम कंपनीला आधीच ओळखायची असते.

दुसरं कारण त्याहून साधं आहे. अर्ज ढीगभर आणि जागा मोजक्या, म्हणून चाळणी लागते. त्यामुळे इथे काठावर पास होऊन फारसं काही साधत नाही.

पेपरात नेमकं काय असतं?

प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, पण घटक तेच फिरून येतात. तांत्रिक भागात एरोडायनॅमिक्स, जेट इंजिन, उपकरणं, परफॉर्मन्स, नॅव्हिगेशन, मेट (हवामानशास्त्र) आणि हवाई नियम. त्यासोबत तोंडी गणित, इंग्रजी, आणि बहुतेक ठिकाणी संगणकावरची ॲप्टिट्यूड चाचणी. काही कंपन्या सगळं एकाच दिवशी घेतात, काही टप्प्याटप्प्याने. आमंत्रणाचा ईमेल नीट वाचा. त्यात विषयांची यादी असेल तर ती शब्दशः घ्या. ‘जेट परफॉर्मन्स’ लिहिलं असेल तर पिस्टन विमानाच्या नोट्स चाळून भागणार नाही.

तयारीला किती वेळ लागतो?

लायसन्सच्या परीक्षा नुकत्याच झाल्या असतील तर रोज तीन-चार तास धरून सहा आठवडे पुरावेत. मध्ये वर्ष-दोन वर्षं गेली असतील तर तीन महिने धरा. पण तारीख आल्यावर सुरुवात करायची हा हिशेबच धोक्याचा आहे. जाहिरात येते आणि परीक्षा पुष्कळदा दोन आठवड्यांवर असते. मग पळता भुई थोडी होते. अर्ज केला त्या दिवशी परीक्षा ठरली असं समजा.

क्वेश्चन बँक पाठ केली तर चालेल का?

चालेल, पण तुम्हाला वाटतं तितकी नाही. माझ्या पहिल्या भरती परीक्षेत एक प्रश्न दिसला आणि मी मनातल्या मनात खूश झालो, कारण तो तोंडपाठ होता. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) सरकला तर स्टॉल स्पीडचं (ज्या वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाही त्याचं) काय होतं? वाढतो. खूण केली आणि पुढे गेलो. बाहेर आल्यावर बरोबरचा मुलगा म्हणाला, ‘अरे, त्यात सीजी मागे सरकला असं होतं.’ मी प्रश्न वाचलाच नव्हता, फक्त ओळखला होता. असे किती गेले देव जाणे. त्या यादीत माझं नाव आलं नाही.

पाठांतर आणि समज यांतला फरक याच उदाहरणावर बघा. सीजी पुढे गेला की विमानाचं नाक खाली जायला बघतं. ते सावरायला शेपटीला खालच्या दिशेने जास्त जोर लावावा लागतो. तो खालचा जोर म्हणजे पंखाच्या दृष्टीने वाढलेलं वजनच. म्हणून पंखाला जास्त लिफ्ट (उचल) द्यावी लागते, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) वाढतो, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो. आता उत्तरं आपोआप पडतात: स्टॉल स्पीड वाढतो, इंधन जास्त जळतं, रेंज कमी होते, रोटेशनला (टेकऑफला नाक उचलायला) जास्त जोर लागतो, आणि लाँगिट्यूडिनल स्टॅबिलिटी (नाक वर-खाली होण्यातलं स्थैर्य) मात्र वाढते. एका कारणातून पाच प्रश्न सुटले, आणि प्रश्नात ‘मागे’ असेल तर पाचही उलटे करायचे. पाठ करणाऱ्याला हे दहा वेगवेगळे प्रश्न वाटतात.

म्हणून क्वेश्चन बँक वापरा, पण शेवटच्या दोन आठवड्यांत, वेगासाठी. आणि एक नियम पाळा: बरोबर आलेल्या उत्तराचंही कारण एका वाक्यात मोठ्याने सांगता आलं नाही, तर ते चुकलं असं मोजायचं. पहिल्या दिवशी स्कोअर बघून रडू येईल.

म्हणजे फसवे प्रश्न मुद्दाम घालतात?

घालतात, आणि त्यात गैर काही नाही. एक ठरलेला नमुना: सारखीच दोन विमानं, एक जड आणि एक हलकं. शांत हवेत, इंजिनं बंद, दोघं आपापल्या सर्वोत्तम ग्लाइड स्पीडने उतरतायत. लांब कोण जाईल? सहज मनात येतं, हलकं. खरं उत्तर, दोघं सारखंच. ग्लाइडचा कोन लिफ्ट आणि ड्रॅगच्या गुणोत्तरावर ठरतो, वजनावर नाही. जड विमान त्याच वाटेने फक्त जास्त वेगाने जातं, त्यामुळे जमिनीवर आधी पोहोचतं.

मग त्याचाच दुसरा भाग येतो: दोघांनी एकाच ठरलेल्या वेगाने, थ्रस्ट आयडल ठेवून डिसेंट केला तर आधी सुरुवात कोणाला करावी लागेल? आता उत्तर बदललं. डिसेंटचा नेहमीचा वेग सर्वोत्तम ग्लाइड स्पीडपेक्षा बराच जास्त असतो. जड विमानाचा सर्वोत्तम वेग मुळातच जास्त, म्हणून ते त्याच्या जवळ असतं आणि अधिक उथळ कोनाने उतरतं. डिसेंट आधी सुरू करायचा तो जड विमानाने. पहिला भाग पाठ केलेला उमेदवार नेमका इथे तोंडावर आपटतो.

गणित कच्चं आहे. काय करू?

पेपरातलं गणित शाळेतलं आहे. अवघड आहे ती घाई. त्यावर उपाय एकच: आधी अंदाज, मग आकडा. उत्तर साधारण कुठे पडायला हवं हे दोन सेकंदांत ठरवा आणि मग पर्यायांकडे बघा. चारपैकी दोन पर्याय तिथेच गळतात.

रोजच्या सरावासाठी काही ठोकताळे देतो. हे नुसते वाचू नका, दिवसभर मनात चालवा.

तीन अंशांच्या ग्लाइड स्लोपवर उतरण्याचा दर म्हणजे ग्राउंड स्पीड गुणिले पाच. 140 नॉट्सला मिनिटाला 700 फूट. टेलविंड आला, ग्राउंड स्पीड 160 झाला, तर 800. त्याच स्लोपवर एका नॉटिकल मैलाला साधारण 300 फूट उंची कमी होते.

डिसेंट कुठे सुरू करायचा: जितके हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट मैल. 35,000 फुटांवरून 3,000 वर यायचं तर 32 गुणिले 3, म्हणजे 96 नॉटिकल मैल. वेग कमी करायला थोडे मैल वर धरा.

साठास एक: 60 मैलांवर 1 मैल बाजूला गेलात तर 1 अंशाची चूक. 40 मैलांवर 2 मैल बाजूला, तर 3 अंश.

प्रमाण वातावरण: समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सियस आणि 1013.25 हेक्टोपास्कल, दर हजार फुटांना सुमारे 2 अंश घट, आणि 36,000 फुटांच्या जरा वर तापमान उणे 56.5 वर स्थिरावतं. 31,000 फुटांवर प्रमाण तापमान किती? 15 वजा 62, म्हणजे उणे 47. बाहेर उणे 37 असेल तर ‘आयसा अधिक 10’ (आयसा म्हणजे हेच प्रमाण वातावरण).

डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) एकदा पूर्ण करून बघू. विमानतळ 2,000 फुटांवर, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) 1003, तापमान 35 अंश. एका हेक्टोपास्कलला 30 फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबावरून मोजलेली उंची) 2,300 फूट. तिथलं प्रमाण तापमान 10 अंशांच्या आसपास, म्हणजे हवा प्रमाणापेक्षा 25 अंशांनी गरम. अंशाला 120 फूट धरून 3,000 मिळवा. उत्तर 5,300 च्या जवळपास. पर्यायांत 5,250 दिसला की खूण करा आणि पुढे चला. दशांशात अडकलात तर पुढचे दोन प्रश्न गेले.

युनिट्सकडे मात्र दुर्लक्ष नको. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानाचं इंधन 41,000 फुटांवर संपलं. इंधन मोजताना लिटरचं वजन काढायला किलोऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला होता, त्यामुळे हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघालं. वैमानिकांनी ते ग्लाइड करत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. गुणाकार तिथे बरोबरच होता. पेपरातही असंच होतं: आकडेमोड चोख, पण प्रश्नात पौंड आणि पर्यायांत किलो.

परफॉर्मन्समध्ये सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

व्हीवन या टेकऑफच्या वेगावर. ‘निर्णयाचा वेग’ या नावानेच घोटाळा केला आहे. व्हीवन आल्यावर विचार सुरू करायचा नसतो. टेकऑफ सोडायचा असेल तर थांबवण्याची पहिली कृती व्हीवनपर्यंत झालेली असली पाहिजे. त्यानंतर इंजिन गेलं तरी उडायचं. हे डोक्यात बसलं की ओल्या धावपट्टीचा प्रश्न सोपा होतो. थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून व्हीवन कमी करतात. पण लवकर निर्णय म्हणजे उरलेला वेग एका इंजिनावर जमवायचा, तो खर्च कुठून तरी निघायलाच हवा. म्हणून धावपट्टीच्या टोकाशी स्क्रीन हाइट (तिथे गाठायची किमान उंची) कोरड्यात 35 फूट, ओल्यात 15.

फ्लॅप्सचा सौदाही तसाच आहे. टेकऑफला जास्त फ्लॅप घेतला तर धावपट्टी कमी लागते, पण चढण्याचा कोन बिघडतो. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद असताना सेकंड सेगमेंटमध्ये (चाकं आत घेतल्यानंतरच्या चढाईत) किमान 2.4 टक्के ग्रेडियंट (चढ) हवा, तीन इंजिनांना 2.7 आणि चारला 3.0. हे तीन आकडे पाठच करा, त्यांत समजण्यासारखं फार काही नाही.

अजून एक आवडता प्रश्न म्हणजे हायड्रोप्लेनिंग (पाण्याच्या थरावरून टायर घसरणं). वेग म्हणजे 9 गुणिले टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ, दाब पौंड प्रति चौरस इंचात. 196 दाबाला 14 गुणिले 9, म्हणजे 126 नॉट्स. टायर फिरत नसेल तर 9 ऐवजी 7.7. या सूत्रात विमानाचं वजन कुठेही नाही हे लक्षात ठेवा, पर्यायांत ते हमखास असतं.

सीएएस, टीएएस आणि मॅक यांचा गोंधळ कसा सोडवायचा?

कागदाच्या कोपऱ्यात तीन रेषा काढा. खाली एका बिंदूतून निघणाऱ्या आणि वर पंख्यासारख्या उघडणाऱ्या. डावीकडून क्रम सीएएस (उपकरणावरचा, चुका काढलेला वेग), टीएएस (हवेतला खरा वेग), मॅक (ध्वनीच्या वेगाशी प्रमाण). प्रश्नात जो वेग स्थिर ठेवलाय ती रेषा उभी करा, बाकीच्या तिच्यासोबत वळतात. सीएएस स्थिर ठेवून चढताय? टीएएस आणि मॅक उजवीकडे झुकले, म्हणजे दोन्ही वाढतात. मॅक स्थिर ठेवून चढताय? टीएएस आणि सीएएस डावीकडे, दोन्ही घटतात. उतरताना रेषा वरून खाली वाचा. फक्त ट्रोपोपॉजच्या वर सावध राहा. तिथे तापमान स्थिर, म्हणून मॅक स्थिर असेल तर टीएएसही स्थिर.

आकडा हवा असेल तर ध्वनीचा वेग लागतो. तो केवळ तापमानावर ठरतो: 38.95 गुणिले केल्विनमधल्या तापमानाचं वर्गमूळ. उणे 56.5 ला सुमारे 573 नॉट्स. मॅक 0.78 म्हणजे 447 च्या आसपास.

पिटो आणि स्टॅटिक ब्लॉक होण्याचे प्रश्न दर वेळी उलटे येतात माझे.

सगळ्यांचे येतात. एअरस्पीड इंडिकेटर वजाबाकी करतो: पिटोचा (समोरून आदळणाऱ्या हवेचा) दाब वजा स्टॅटिकचा (आजूबाजूच्या हवेचा). स्टॅटिक बंद पडला तर खालचा जुना, जास्त दाब आत अडकतो. तुम्ही वर चढलात, पिटोचा दाब कमी झाला, वजा मात्र जुनाच मोठा आकडा होतोय. म्हणून चढताना वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो, उतरताना जास्त. आल्टिमीटर (उंची दाखवणारा) गोठतो, व्हीएसआय (चढ-उताराचा दर दाखवणारा) शून्यावर. आता पिटो आणि त्याचं ड्रेन होल दोन्ही बंद करा. पिटोचा दाब अडकला, चढताना स्टॅटिक घटतोय, वजाबाकी वाढतेय, वेग वाढलेला दिसतो. त्या क्षणी तो इंडिकेटर आल्टिमीटरसारखा वागतोय.

नॅव्हिगेशनमध्ये सीपी आणि पीएनआर येतातच का?

येतात, कारण सूत्र छोटं आणि फसवायला जागा भरपूर. क्रिटिकल पॉइंट (सीपी) म्हणजे जिथून पुढे जायला आणि परत यायला सारखाच वेळ लागतो ती जागा. तिचं अंतर म्हणजे एकूण अंतर गुणिले परतीचा ग्राउंड स्पीड, भागिले दोन्ही ग्राउंड स्पीड्सची बेरीज. 1,200 मैल, टीएएस 450, जाताना 50 नॉट्स हेडविंड: 1,200 गुणिले 500 भागिले 900, म्हणजे 667 मैल. अर्ध्या वाटेच्या पुढे. क्रिटिकल पॉइंट नेहमी वाऱ्याकडे सरकतो. पर्यायांत 533 असणारच, तो वारा उलटा धरणाऱ्यांसाठी ठेवलेला सापळा आहे. आधी अंदाज केलात तर त्यात पाय पडत नाही.

पॉइंट ऑफ नो रिटर्न (पीएनआर), म्हणजे ज्याच्या पुढे गेलात तर परतायला इंधन पुरत नाही ती जागा, मात्र एन्ड्युरन्सवर (इंधन किती वेळ पुरेल त्यावर) ठरतो. त्याच वाऱ्यात 5 तासांचं इंधन असेल तर तिथवरचा वेळ 5 गुणिले 500 भागिले 900, म्हणजे 2 तास 47 मिनिटं, आणि अंतर सुमारे 1,111 मैल. वारा नसता तर 1,125 झालं असतं. मार्गाच्या रेषेत वारा कुठूनही असो, हे अंतर कमीच होतं. हा प्रश्न सूत्राशिवाय, नुसत्या विधानांच्या रूपातही येतो.

मेट कुठून सुरू करू?

मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) आणि टॅफ (तिथला हवामान अंदाज) वाचण्यापासून. कुठल्याही विमानतळाचे रोज पाच उलगडा, महिन्याभरात डोळे सरावतात. बारकावे लक्षात ठेवा. मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेवरून, टॉवर बोलतो तो चुंबकीय. ‘टेम्पो’ म्हणजे तात्पुरता बदल, ‘बीकमिंग’ म्हणजे टिकणारा. ‘कॅव्होके’ म्हणजे आकाश निरभ्र असं नाही. दृश्यमानता 10 किलोमीटर किंवा जास्त, 5,000 फूट किंवा सर्वोच्च किमान सेक्टर उंची यांतलं जे जास्त त्याच्या खाली ढग नाही, क्युम्युलोनिंबस किंवा टॉवरिंग क्युम्युलस नाही आणि उल्लेखनीय हवामान नाही. 20,000 फुटांवर ढगांचं छप्पर असलं तरी कॅव्होके लागू शकतं.

आल्टिमीटर आणि हवामान यांची सांगड बघतात. 1013 लावून ठेवलंय आणि खरा क्यूएनएच 993 आहे, तर तुम्ही दिसतंय त्यापेक्षा साधारण 600 फूट खाली आहात. थंड हवेतही तसंच, खरी उंची दाखवलेल्यापेक्षा कमी. तापून वर चढलेल्या हवेतल्या ढगाचा पाया काढायचा असेल तर तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला 400 फुटांनी गुणा. फ्रीझिंग रेन बहुधा वॉर्म फ्रंटच्या पुढे. जेट स्ट्रीमजवळची क्लिअर एअर टर्ब्युलन्स जास्त करून थंड बाजूला.

हवाई नियम किती पाठ करायचे?

निवडक. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा शिकागो करार 7 डिसेंबर 1944 चा, त्याची परिशिष्टं 19. त्यांतली पहिलं लायसन्स, दुसरं हवाई नियम, सहावं विमानसंचालन, तेरावं अपघात तपास, चौदावं विमानतळ, अठरावं धोकादायक माल, एकोणिसावं सुरक्षा व्यवस्थापन, एवढी पुरे. तेराव्यातलं एक वाक्य विचारतात: तपासाचा हेतू अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं नव्हे. ट्रान्सपाँडर 7500 अपहरण, 7600 रेडिओ बंद, 7700 आणीबाणी. होल्डिंगमध्ये (हवेत घिरट्या घालत थांबताना) 14,000 फुटांपर्यंत बाहेरची बाजू एक मिनिट, त्यावर दीड. कॅट वन अप्रोचला डिसिजन हाइट (धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडायची उंची) 200 फुटांपेक्षा खाली नाही. ज्या देशातल्या कंपनीची परीक्षा आहे तिथले ड्यूटी टाइम आणि इंधनाचे नियम मात्र तिथल्याच नियामकाच्या संकेतस्थळावरून ताजे वाचा. जुन्या नोट्स इथे दगा देतात.

अपघातांवर प्रश्न येतात का?

लेखीत थोडे, मुलाखतीत हमखास. तारखा पाठ करून उपयोग नाही, साखळी सांगता आली पाहिजे. 27 मार्च 1977, टेनेरिफ, धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर, 583 मृत्यू: रेडिओवरची संदिग्ध भाषा, धुकं, आणि कॅप्टनला ठामपणे न अडवणारं कॉकपिट. 1 जुलै 2002, युबरलिंगन, हवेत दोन विमानांची टक्कर: एका विमानाने टीकॅसचं (टक्कर टाळायला विमानात बसवलेल्या यंत्रणेचं) ऐकलं, दुसऱ्याने टीकॅसच्या विरुद्ध जाऊन कंट्रोलरचं. म्हणून आज उत्तर एकच आहे, टीकॅसची रेझोल्यूशन ॲडव्हायजरी (वर किंवा खाली जाण्याची सूचना) आली की तीच पाळायची. 14 ऑगस्ट 2005, हेलिओस 522: प्रेशरायझेशनचा सिलेक्टर मॅन्युअलवर राहिला आणि केबिन अल्टिट्यूडचा भोंगा टेकऑफ कॉन्फिगरेशनचा समजला गेला. त्याला जोडून येणारा आकडा: 35,000 फुटांवर शुद्धीत राहून काही करता येण्याचा वेळ फक्त 30 ते 60 सेकंद.

ॲप्टिट्यूड चाचणीचा अभ्यास करता येतो का?

अभ्यास नाही, सराव येतो. आकडे लक्षात ठेवत सुई मध्यभागी ठेवणं, फिरवलेल्या आकृत्या ओळखणं, ऐकू येणाऱ्या सूचना पाळत बेरजा करणं, असा प्रकार. पहिल्या चार-पाच वेळा गुण झपाट्याने वाढतात, नंतर थांबतात. तेवढ्यासाठी दोन आठवडे, रोज अर्धा तास. जॉयस्टिक लागणार असेल तर आधी हाताला सवय करा. एका कामात चुकलात तर ते सोडून द्या आणि बाकीची सांभाळा. हातातलं एक सुटलं म्हणून घाबरून सगळं सोडणारे इथे जास्त मार खातात.

व्यक्तिमत्त्व चाचणीत ‘बरोबर’ उत्तरं कोणती?

कोणतीच नाहीत. तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा येतो, आणि खोटं बोललेलं लक्षात ठेवणं अवघड असतं. ‘मला कधीच राग येत नाही’ याला पूर्ण सहमती देऊ नका, कोणी विश्वास ठेवणार नाही.

निगेटिव्ह मार्किंग असेल तर अंदाजाने उत्तर द्यावं का?

हिशेब करा. चार पर्याय, चुकीला पाव गुण वजा. दोन पर्याय खात्रीने बाद केलेत तर अंदाजाचं सरासरी मोल अधिक 0.375 गुण, द्याच उत्तर. एकही बाद करता येत नसेल तर अधिक 0.06, म्हणजे जवळपास शून्य. चुकीला एक तृतीयांश वजा असेल तर आंधळ्या अंदाजाला बरोबर शून्य मोल. निगेटिव्ह नसेल तर एकही प्रश्न कोरा सोडू नका.

इंग्रजीची भीती वाटते.

आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या) सहा पातळ्यांच्या पट्टीवर चौथी पातळी किमान लागते. चौथीला दर तीन आणि पाचवीला दर सहा वर्षांनी पुन्हा परीक्षेची शिफारस आहे, सहावीला नाही. लेखी पेपरातलं इंग्रजी त्यापेक्षा वेगळं. उतारे, शब्द आणि ‘पैकी कोणतं विधान चूक आहे’ अशी वाक्यरचना. विषय मराठीतून समजून घेतलात तर काही बिघडत नाही, उलट कारण पक्कं बसतं. फक्त प्रश्न इंग्रजीतून वाचायची सवय ठेवा, आणि नकारार्थी शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. संगणकावर असेल तर बोट ठेवा.

कंपनीकडे जे विमान आहे त्याच्या सिस्टिम्स वाचाव्यात का?

टाइप रेटिंग नसेल तर खोलात नको. इंजिन कोणतं, साधारण वजन, क्रूझचा मॅक, फ्लाय बाय वायर आहे की नाही, एवढं माहीत असू द्या. टाइप रेटेड असाल तर मात्र त्यावर स्वतंत्र पेपर येईल असंच धरा.

नापास झालो तर?

बहुतेक कंपन्या ठरावीक महिने पुन्हा बसू देत नाहीत. घरी पोहोचायच्या आत, त्याच दिवशी, आठवतील ते प्रश्न लिहून काढा. विकायला किंवा वाटायला नाही, आपण कुठल्या विषयात थबकलो ते कळायला. दुसऱ्या दिवशी अर्धे विसरलेले असतात.

सोबत काय न्यायचं? कॅल्क्युलेटर चालतो?

ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालत नाही असं धरून तयारी करा. दोन साध्या पेन्सिली, ओळखपत्र, लायसन्स, मेडिकल आणि लॉगबुक. लॉगबुकच्या प्रत्येक पानाची बेरीज आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी तपासा. मुलाखत लेखीनंतर लगेच ठेवली, तर समोरचा माणूस ती पानं उलटतोच, आणि पीआयसीचे (विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून उडवलेले) तास दोन पानांत जुळले नाहीत तर पुढची दहा मिनिटं त्याच्यावरच जातात.